शोधाच्या चौकटीत अक्षर उमटत नाही तेव्हा

अफझलगंजात मुसा नदीच्या काठी जे भव्य सरकारी ग्रंथालय उभे आहे, त्याचा जन्म १८९१ सालचा. कुतुबखाना आसफिया हे त्याचे मूळ नाव. नदीकाठची आजची इमारत १९३६ साली तयार झाली आणि १९५५ च्या ग्रंथालय कायद्याने ते राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय ठरले. उर्दू, फारसी, तेलुगू ग्रंथांच्या जोडीला मराठी पुस्तकेही तेथे आहेत. अशा ठिकाणी पुस्तक शोधणे म्हणजे लाकडी खण ओढून त्यातील कार्डे एकेक चाळणे, हे आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. खण अडकला तर तो हलवून पाहावा, नाहीतर शिपायास हाक मारावी. पण अडले कोठे ते डोळ्यांना दिसत असे.

आता बहुतेक शोध काचेच्या पडद्यावर होतो. पडद्यावर एक लांबट चौकट असते, तिला सर्वजण सर्च बॉक्स म्हणतात. तीत शब्द टाइप केला की शोध सुरू होतो. पण पुष्कळदा असे होते की, चौकट समोर दिसते, आपण कळा दाबतो आणि आत एकही अक्षर उमटत नाही. कधी पहिले अक्षर उमटते आणि दुसऱ्या अक्षराबरोबर नाहीसे होते. न्यासाच्या सभासदांकडून आणि त्यांच्या मुलांकडून गेल्या काही वर्षांत ज्या तक्रारी आमच्या कानी आल्या, त्यांत ही फार मोठी आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात शाळेचे नाव शोधावयाचे असते, मुदतीचा शेवटचा दिवस असतो आणि चौकट अक्षर घेत नाही. मग मुलगा धावत कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, तेथील माणसास आपला पासवर्ड सांगतो आणि अर्ज भरून घेतो. वडील मंडळी तर ‘यात मराठी चालतच नाही’ असे ठरवून मोकळी होतात. या दोन्ही गोष्टी आम्हांस खटकतात, कारण बहुधा दोष पाच मिनिटांत सापडण्याजोगा असतो. तो कसा शोधावा एवढेच येथे सांगावयाचे आहे.

जुन्या टंकलेखन यंत्रात कळ दाबली की एक लोखंडी दांडी उठे आणि कागदावर आपटे. कळ आणि कागद यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते. संगणकात मात्र अक्षर चार हातांतून जाते. पहिला हात कळफलकाचा. दुसरा, दाबलेल्या कळेचे मराठी अक्षर करणाऱ्या भाषेच्या व्यवस्थेचा. तिसरा ब्राउझरचा, म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेटवरील पाने पाहतो तिचा. चौथा हात त्या पानाचा आणि पान लिहिणाऱ्याने घालून दिलेल्या नियमांचा. अक्षर हरवले तर ते या चारांपैकी कोणाच्या हातून पडले हे आधी ठरवावे. हे न पाहता यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करणे किंवा नवा कळफलक विकत आणणे म्हणजे पत्र पोचले नाही म्हणून टपालपेटीस रंग देण्यासारखे आहे.

पहिली परीक्षा सोपी आहे. ब्राउझरच्या माथ्यावर जेथे पानाचा पत्ता दिसतो, त्या पट्टीत एक शब्द इंग्रजीत लिहून पाहावा. तेथे अक्षरे उमटली तर कळफलक निर्दोष आहे. मग तेथेच एक मराठी शब्द लिहावा. तोही उमटला तर भाषेची व्यवस्थाही ठीक आहे आणि दोष त्या पानात किंवा पानाच्या व ब्राउझरच्या संबंधात आहे. पट्टीत इंग्रजी उमटते पण मराठी नाही, तर दुसरा हात तपासावा. काहीच उमटत नसेल तर ब्राउझर सोडून नोटपॅडसारख्या साध्या जागी लिहून पाहावे. तेथेही काही नसेल तर पहिला हात.

कळफलकाविषयी थोडक्यात. बिनतारी असेल तर त्याची बॅटरी पाहावी. जुन्या लहान लॅपटॉपवर नम-लॉक लागले तर उजव्या हाताच्या काही कळा अक्षरांऐवजी आकडे देतात. आणखी एक प्रकार विशेषतः आमच्या वयाच्या मंडळींच्या बाबतीत घडतो. विंडोजच्या यंत्रावर उजवीकडची शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून ठेवली तर ‘फिल्टर कीज’ नावाची सोय सुरू करण्याचा प्रश्न पडद्यावर येतो. ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी ती केलेली आहे. ती सुरू असता कळेवरचा ओझरता स्पर्श यंत्र मोजीतच नाही. विचार करताना बोट शिफ्टवर विसावते, प्रश्न न वाचता ‘होय’ म्हटले जाते आणि मग कळफलक बिघडला असा समज होतो. सेटिंग्जमध्ये सुलभतेच्या विभागात जाऊन ही सोय बंद करावी.

दुसरा हात अधिक नाजूक आहे, आणि मराठी माणसाची अडचण बहुधा येथेच असते. देवनागरी अक्षरांना जागतिक क्रमांक मिळाले ते १९९१ साली, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत. त्या हिशेबाने ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. चौकटीत खरोखर जातो तो हा क्रमांक. ‘क’ ही आकृती नंतर रंगविली जाते. कळेपासून क्रमांकापर्यंत जाण्याच्या वाटा मात्र दोन आहेत. एक इनस्क्रिप्ट नावाची रचना, जी १९९१ च्या भारतीय मानकात नोंदलेली आहे. तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. एक कळ दाबली की बहुधा एक पुरा क्रमांक थेट चौकटीत जातो. दुसरी वाट उच्चारानुसारी. तीत आपण रोमन अक्षरांत ‘के, ए, एम, ए, एल’ अशा कळा दाबतो आणि यंत्र ‘कमल’ घडविते.

ही दुसरी वाट लोकप्रिय आहे, पण तिच्यात शब्द पुरा होईपर्यंत तो कच्चा असतो. त्याच्याखाली बारीक रेघ दिसते ती याच अवस्थेची खूण. कुंभाराच्या चाकावरचे मडके जसे, तसा तो शब्द. आता आजची बरीच शोधपाने अशी लिहिलेली असतात की, प्रत्येक कळेसरशी ती चौकटीतील मजकूर उचलतात, त्यावरून सूचना तयार करतात आणि मजकूर पुन्हा चौकटीत ठेवतात. इंग्रजीत याने काही बिघडत नाही. मराठीत चाकावरचे कच्चे मडकेच उचलले जाते. परिणामी अक्षर दोनदा उमटते, मात्रा सुटते किंवा सारा शब्द पुसला जातो. दोष पान लिहिणाऱ्याचा आहे. त्याने ते केवळ इंग्रजीत तपासलेले असते. त्याने दुरुस्ती करीपर्यंत आपण थांबावे काय? नाही. शब्द नोटपॅडमध्ये किंवा फोनवरील टिपणवहीत लिहावा, कॉपी करावा आणि चौकटीत एकदम चिकटवावा. पूर्ण मडके हातात दिले की पान ते बहुधा निमूटपणे घेते. दुसरा उपाय इनस्क्रिप्टचा. ती शिकण्यास पंधरा दिवस लागतात, पण नंतर हा त्रास फार कमी होतो. आमच्या मते न्यासाच्या शाळकरी मुलांनी ती शिकावीच.

याच हातातील आणखी दोन गोष्टी. विंडोजची कळ दाबून स्पेस दाबले की भाषा बदलते. हे नकळत घडते आणि मराठीऐवजी तेलुगू किंवा इंग्रजी उमटू लागते. हैदराबादेत एका यंत्रावर तीन-चार भाषा असणे नित्याचेच. तसेच, विंडोजमध्ये अक्षरे चौकटीपर्यंत नेणारा एक लहान प्रोग्राम सतत पडद्यामागे चालू असतो. तो बंद पडला तर नोटपॅडमध्ये लिहिता येते, पण खालच्या पट्टीवरील विंडोजची स्वतःची शोधचौकटसुद्धा मुकी होते. ही त्याची ओळख. यंत्र एकदा पुन्हा सुरू केल्यास तो बहुधा परत येतो. घाई असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबावे व येणाऱ्या लहान खिडकीत रोमन लिपीत सी, टी, एफ, एम, ओ, एन ही सहा अक्षरे लिहून एंटर दाबावे.

ज्यांनी छापखान्यात किंवा कचेरीत जुन्या मराठी फॉन्टांवर काम केले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकृत्या बसविलेल्या असत. तो मजकूर चौकटीत चिकटविला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. चौकट बिघडलेली नसते. मजकूर मुळात मराठी नव्हताच, मराठीचा मुखवटा होता. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

तिसऱ्या हातासाठी एक उत्तम कसोटी आहे. ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबाव्यात. तीत तेच पान उघडून पाहावे. ब्राउझरला आपण जी नाना जोडकामे लावतो, जाहिराती अडविणारी, शुद्धलेखन तपासणारी, भाषांतर करणारी, ती या खिडकीत सहसा निद्रिस्त असतात आणि पानाच्या जुन्या आठवणीही तेथे नसतात. येथे चौकट चालली तर दोष जोडकामाचा किंवा साठलेल्या मजकुराचा. एकेक जोडकाम बंद करून पाहावे, किंवा कंट्रोल दाबून एफ-५ दाबावे म्हणजे पान नव्याने आणले जाते. फायरफॉक्समध्ये एक निराळी सेटिंग आहे. ती लागलेली असली आणि चौकटीत नीट क्लिक झालेले नसले तर टाइप केलेली अक्षरे पानाच्या तळाशी उघडणाऱ्या पट्टीत जातात. अक्षरे हरवली असे वाटल्यास तळाकडे एक नजर टाकावी.

आता पान. पुष्कळ पाने उघडताच परवानगी मागणारी सूचना पुढे करतात. ती कधी अर्धवट मिटते आणि तिचा पारदर्शक पडदा पानावर तसाच राहतो. चौकट दिसते, पण माऊसची टिचकी पडद्यावर पडते. अशा वेळी माऊस सोडून टॅबची कळ पुन्हा पुन्हा दाबावी. उभी रेघ चौकटीत पोचली आणि लिहिता आले तर पडद्याचा संशय खरा. कंट्रोल आणि शून्य दाबून पान मूळ आकारात आणल्यानेही पडदा कधी बाजूला सरतो. मंद इंटरनेटवर चौकट आधी दिसते आणि तिला चालविणारा भाग मागाहून येतो. तोवर ती फिकट असते. थोडे थांबावे, एवढाच त्यावर उपाय.

काही चौकटींना नियमच असा असतो की रोमन अक्षरांवाचून काही घेऊ नये. काहींना लांबीची मर्यादा असते आणि ती मराठीवर अन्याय करते. ‘अफझलगंज’ या शब्दात सात चिन्हे आहेत, पण युनिकोडच्या प्रचलित साठवणीत प्रत्येकास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण एकवीस. वीस बाइटांचा हिशेब ठेवणारी चौकट आपल्या पेठेचे नावसुद्धा पुरे घेणार नाही. येथे आपले यंत्र पुसून काही होणार नाही. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच घडले तर पान चालविणाऱ्यास लिहावे: कोणते यंत्र, कोणता ब्राउझर, कोणती कळफलक-रचना, कोणता शब्द, कोणत्या वेळी. ‘तुमचे पान चालत नाही’ एवढ्यावर कोणी दुरुस्ती करू शकत नाही.

फोनवर कळफलक हाच एक स्वतंत्र प्रोग्राम असल्याने पहिला व दुसरा हात एकच होतात. चौकटीस स्पर्श करूनही कळफलक वर येत नसेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन तो सक्तीने थांबवावा आणि पुन्हा स्पर्श करावा. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

यात एक धोका आहे, तो स्पष्ट सांगतो. चौकट अडली म्हणून कोणी ‘मदत केंद्राचा’ क्रमांक इंटरनेटवर शोधतो आणि भलत्याच माणसास फोन लावतो. तो माणूस गोड बोलून आपला पडदा त्यास दिसेल असा प्रोग्राम घालावयास लावतो आणि मग खात्यातील पैसे जातात. चौकटीत अक्षर उमटावे यासाठी कोणासही आपला पडदा, ओटीपी किंवा बँकेचा तपशील देण्याचे कारण नाही. असे घडलेच तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक.

चौकट अक्षरे घेते पण काहीच सापडत नाही, हा पुढचा प्रश्न. ‘ॲडमिशन’ मधील ‘ॲ’ ला स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वी आणि अजूनही पुष्कळजण ‘अ’ ला वेगळा चंद्र जोडतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला भिन्न. आपण ‘अफझलगंज’ लिहितो, हिंदीत ‘फ’ आणि ‘ज’ खाली नुक्ता देतात, इंग्रजीत कोणी एक शब्द करतात तर कोणी दोन. जुनी मराठी पुस्तके संगणकावर चढविताना तर अनेक ठिकाणी त्यांची नावे रोमन लिपीत आणि ज्याच्या-त्याच्या हाताला येईल तशी नोंदली गेली. म्हणून आजोबांच्या वेळचे एखादे पुस्तक मराठीत लिहून सापडले नाही, तर तेच नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहावे. दीर्घ ‘आ’ साठी एकदा एक ‘ए’ आणि एकदा दोन. तरीही न मिळाले तर नाव सोडून फक्त लेखकाचे आडनाव घालावे.