पायांची तयारी गावात, श्वासाची तयारी डोंगरात

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. भोवताली धानाच्या बांध्या, जमीन जवळजवळ सपाट आणि समुद्रसपाटीपासूनची उंची अडीचशे मीटरच्या आसपास. अशा गावातील काही विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी हिमालयातील एखादी खिंड ओलांडायचे ठरविले, तर ते त्यांना जमेल काय? त्यांच्यात कोणी नामांकित खेळाडू नाही, सगळे चारचौघांसारख्या प्रकृतीचे आहेत, असे समजू.

जमेल, असेच उत्तर द्यावे लागेल. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी तर याहून कितीतरी मोठी झेप घेतली आहे. ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतील दहा जणांच्या तुकडीपैकी पाच जण मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. तेही सपाटीवरचेच. परंतु त्यांना थेट एव्हरेस्टवर नेले नव्हते. आधी दार्जिलिंग आणि लडाख येथे त्यांचे प्रशिक्षण झाले होते. डोंगराची तयारी दोन प्रकारची असते. एक गावात करता येते, दुसरी डोंगरावरच करावी लागते. एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

हवा तीच, दाब निराळा

उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे आपण ऐकतो. हे विधान अर्धवट आहे. कोंढ्याच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि एव्हरेस्टवरही तो तेवढाच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. वरच्या हवेचा भार कमी झाल्यामुळे हवा विरळ होते आणि एका श्वासात शिरणारे प्राणवायूचे रेणू कमी होतात.

हिमाचल प्रदेशातील सार पास ही खिंड उदाहरणादाखल घेऊ. तिची उंची सुमारे ४,२०० मीटर आहे. कोंढ्याला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७३८ मिलिमीटर इतका, तर त्या खिंडीत सुमारे ४५० मिलिमीटर असतो. दोन्हींचे २१ टक्के काढा. प्राणवायूच्या वाट्याला कोंढ्यात १५५ मिलिमीटर दाब येतो, खिंडीत जेमतेम ९५. म्हणजे गावातील एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या सुमारे ६० टक्केच तेथे मिळतो. दाब कमी म्हणून पाणीही सुमारे ८६ अंश सेल्सिअसलाच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही!

धडधाकट जवानही आजारी का पडले?

मग रोज व्यायाम करून शरीर कमावले की झाले, असे कोणाला वाटेल. याचे उत्तर आपल्याच सैन्याच्या अनुभवातून मिळते. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरील जवानांना घाईने हिमालयातील उंच ठाण्यांवर न्यावे लागले. हे जवान तरुण आणि कसलेले होते. तरीही त्यांच्यातील अनेकांना डोकेदुखी, मळमळ, उलट्या, धाप यांनी ग्रासले. काहींच्या फुप्फुसांत पाणी साचले. इंद्रसिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांची निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. जगभर पर्वतविकाराच्या अभ्यासात ती आजही मोलाची मानली जातात.

बळकट स्नायू म्हणजे विरळ हवेची सवय नव्हे. उलट तगडा गडी भराभर चढून जातो आणि शरीराला सवय होण्यापूर्वीच उंच पोहोचतो. म्हणून तोच आधी आजारी पडू शकतो.

ही सवय होते कशी? मानेतील रोहिणीजवळच्या सूक्ष्म ग्रंथींना रक्तातील प्राणवायूची घट जाणवते आणि श्वास जलद व खोल होऊ लागतो. त्यामुळे कर्बद्विप्राणील वायू जास्त बाहेर पडतो आणि रक्त थोडे अल्कधर्मी बनते. हा तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात. या कामाला काही दिवस लागतात. लाल रक्तपेशींची भरीव वाढ व्हायला तर कित्येक आठवडे लागतात. कोंढ्याच्या दाट हवेत यांपैकी काहीच सुरू होत नाही, मग तुम्ही कितीही धावा.

गावात काय करावे?

पायांची व हृदयाची तयारी मात्र गावातच करावी. मे महिन्यात जायचे असेल तर फेब्रुवारीपासून सुरुवात करावी. परीक्षेच्या दिवसांतही पाऊण तास काढणे अवघड नाही.

पहिला महिना : आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास झपझप चालावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

दुसरा महिना : वेळ एक तासावर न्यावी. दोन दिवस शाळेच्या किंवा देवळाच्या पायऱ्या चढाव्या-उतराव्या. पाठीवर दोन-तीन किलोंची पिशवी घ्यावी.

तिसरा महिना : आठवड्यातून एकदा पाच-सहा किलो ओझे घेऊन चार तास चालावे. पायांत डोंगरावर नेणार तेच बूट असावेत, म्हणजे फोड येणार असतील तर ते गावातच येतील.

सपाट गावात चढ कोठून आणायचा? पायरी २० सेंटिमीटर उंच असेल, तर १,००० पायऱ्या म्हणजे २०० मीटरची चढण झाली. उतरणेही विसरू नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते मुख्यतः त्यामुळेच.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच भागात आहे. म्हणून जंगलालगतच्या पायवाटा टाळाव्या आणि उजेडात, घोळक्याने, सडकेवरूनच चालावे.

रक्ताची तपासणी

निघण्यापूर्वी सर्वांनी प्रकृती तपासून घ्यावी. त्यात हिमोग्लोबिन पाहावे आणि सिकलसेलची चाचणी अवश्य करावी. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्तदोष पुष्कळ आढळतो. प्राणवायू कमी पडला की या रोगातील लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. विरळ हवेत नेमके हेच घडू शकते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने उंच पर्वतावर जाणे धोक्याचे आहे. केवळ वाहक असलेल्याला गावात बहुधा काहीच त्रास नसतो. परंतु उंचावर क्वचित त्याच्याही प्लीहेला इजा होते आणि डाव्या बरगड्यांखाली तीव्र वेदना सुरू होतात. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. यात लाजण्यासारखे काही नाही. एखाद्या मित्रासाठी सगळ्यांनी कमी उंचीची वाट निवडली, तरी हिमालय पाहायला मिळतोच.

डोंगरावर काय पाळावे?

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजचा मुक्काम कालच्यापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचीवर करू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची वाढवू नये. दिवसा उंच जाऊन रात्री खाली येऊन झोपणे उत्तम. पाणी पुरेसे प्यावे. औषध घ्यायचेच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

उंचावर डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, गरगरणे किंवा फार थकवा असेल, तर तो पर्वतविकारच समजावा. बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, बरळणे किंवा झोकांड्या जाणे ही संकटाची चिन्हे होत. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर लगेच खाली उतरवा, रात्र असली तरी, आणि सोबत माणूस द्या. उतरणे हाच यावरील खात्रीचा इलाज आहे.

अनेकदा घात होतो तो आजार लपविल्यामुळे. ‘माझ्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल’ या संकोचाने मुले डोकेदुखी सांगत नाहीत. म्हणून शिक्षकांनी रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे आणि परत फिरणाऱ्याचा पाणउतारा होणार नाही, हे गावातून निघतानाच सांगून ठेवावे.

करून पाहा

सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणातच नाडीचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजा आणि वहीत लिहा. पाच मिनिटे पायऱ्या चढून थांबताच पुन्हा मोजा, दोन मिनिटांनी आणखी एकदा मोजा. सरावाने नाडी लवकर खाली येऊ लागल्याचे तीन महिन्यांत दिसेल. हीच वही डोंगरावर न्या. तेथे पहिल्या काही दिवसांत सकाळचे ठोके वाढलेले आढळतील. केलेला सराव वाया गेला, असे समजू नका. विरळ हवेतील प्राणवायू शरीरभर पुरविण्यासाठी हृदय जादा काम करीत असते. काही मोबाइल फोनमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय असते. ती मिळाल्यास कोंढा ते खिंड अशा प्रत्येक मुक्कामाचा दाब आणि नाडी यांचा आलेख काढून वर्गात लावा.