झाकला बॉक्स सव्वा लाखाचा

हॉकी म्हटलं की आपल्याला मेजर ध्यानचंद आठवतात. कॅनडातल्या मिसिसागात वाढणाऱ्या माझ्या भाच्याची हॉकी मात्र बर्फावरची, आणि त्यातली निम्मी तर कार्डांवरचीच. टिम हॉर्टन्सच्या कॉफीबरोबर मिळणाऱ्या पाकिटांपासून सुरुवात झाली. दोन हिवाळ्यांत गाडी दुकानातल्या सीलबंद बॉक्सपर्यंत आली. "मामा, घे ना. आतला माल बॉक्सपेक्षा महाग असतो!" हा समज फक्त बारा वर्षांच्या पोरांचा नाही. दुकानाच्या रांगेत पन्नाशीचे गृहस्थही हेच बोलताना ऐकू येतात.

गैरसमज: नवा बॉक्स फोडला की पैसे वसूल होतात.

एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या ट्रेडिंग कार्डांचा परवाना २०१४-१५ पासून एकट्या अप्पर डेक कंपनीकडे आला. त्यांच्या मुख्य मालिकेत सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो 'यंग गन्स' या नवोदितांच्या कार्डांत. २०२३-२४ची दुसरी मालिका घ्या. कॉनर बेडार्डचं यंग गन्स कार्ड, क्रमांक ४५१, याच मालिकेत आलं आणि त्याच्यासाठी लोक बॉक्समागून बॉक्स उचलत होते. हॉबी बॉक्समध्ये १२ पाकिटं, पाकिटात १२ कार्डं, म्हणजे एकूण १४४. त्यात यंग गन्स सरासरी सहा. मालिकेत यंग गन्स ५०, आणि त्यातलं शेवटचं तर खेळाडूचं नसतंच, ते यादीचं कार्ड.

आता साधी त्रैराशिकं मांडू. पन्नासांतली सहा, म्हणजे एका बॉक्समध्ये बेडार्ड निघण्याची शक्यता १२ टक्के. सरासरीने आठ-सव्वाआठ बॉक्समागे एक. पण सरासरी कोणाच्या घरी जेवायला येत नाही. आठ-आठ बॉक्स फोडणाऱ्या शंभर जणांत सुमारे छत्तीस जण बेडार्डवाचूनच घरी जातील. शिवाय भाच्याच्या ऑन्टारिओ प्रांतात बॉक्सवर १३ टक्के कर भरायचा, आणि नको असलेली कार्डं ऑनलाइन विकायला गेलं की कमिशन आणि टपालखर्च वेगळा. उरलेली साधी कार्डं बुटांच्या खोक्यात जातात. दुकानदार ती फुकटसुद्धा घ्यायला नाखूश असतो.

आणि एक प्रश्न मला नेहमी पडतो. आतला माल खरोखरच सरासरी बॉक्सपेक्षा महाग असता, तर दुकानदाराने तो आपल्याला विकला कशाला असता? स्वतःच कात्री घेऊन बसला असता की!

गैरसमज: क्रमांक छापलेलं कार्ड म्हणजे घबाड.

याच कार्डांच्या मर्यादित, क्रमांकित आवृत्त्याही असतात: 'एक्सक्लुझिव्ह्ज'च्या १०० प्रती, 'हाय ग्लॉस'च्या फक्त १०. ऐकायला भारी वाटतं. पण ज्याला कोणी शोधतच नाही, अशा राखीव बचावपटूच्या शंभर प्रतीही बाजाराला जास्त होतात. दुर्मीळ आणि हवंहवंसं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज: न फोडता ठेवला की भाव चढतोच.

इथे सगळे एकच उदाहरण देतात, बर्फावरच्या हॉकीतल्या वेन ग्रेट्झ्कीचं. त्याचं १९७९चं ओ-पी-ची कंपनीचं कार्ड २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं. सस्कॅचवानमधल्या एका घरात सापडलेल्या त्याच वर्षीच्या बॉक्सांच्या सीलबंद केसवर २०२४ मध्ये ३७ लाख २० हजारांची बोली लागली. खरं आहे. पण तेव्हा ही कार्डं पोरांच्या खिशात मळायची, सायकलच्या तारांत फडफडायची. जपून ठेवायचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यातून ओ-पी-चीचा कारखाना कार्डं तारेने कापायचा, त्यामुळे कडा खरबरीत. निळ्या किनारीचे टवके उडायचे. म्हणून निर्दोष प्रत मिळणं कठीण.

याउलट १९९०-९१चा हंगाम बघा. प्रो सेट, स्कोअर, टॉप्स, ओ-पी-ची आणि नवी अप्पर डेक, सगळ्यांनी भरमसाट छापलं, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने 'पुढे भाव येईल' म्हणून जपून ठेवलं. त्या हंगामात यारोमिर यागरसारख्या दिग्गजाचं पहिलं कार्ड आलं, तरी ते बॉक्स आजही किरकोळ किमतीत मिळतात. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला कसला आलाय दुष्काळ?

खेळाडूचाही भरवसा नसतो. नेल याकुपोव २०१२ला नवोदितांच्या निवडीत पहिला आला. २०१८पर्यंत एनएचएलमधून बाहेरही पडला. मालिका निघते तेव्हा उत्साह शिगेला असतो आणि भावही. मग घरोघरी बॉक्स फुटतात, बाजारात तीच कार्डं शेकड्याने येतात आणि बहुतेकांचे भाव उतरतात. ज्याला बेडार्डच हवाय, त्याने थोडं थांबून सुटं कार्ड घ्यावं, हे माझं मत.

ग्रेडिंगचंही, म्हणजे कार्डाच्या अवस्थेला गुण मिळवण्याचंही, तेच. दहापैकी दहा मिळाले तर उत्तम, पण फी नऊ मिळाले तरी भरावीच लागते.

एवढं सगळं सांगूनही भाच्याच्या वाढदिवसाला मी एक बॉक्स घेतलाच. सिनेमाचं तिकीट काढतो तसा, परत काही मिळायचं नाही असं धरून. जेवणाच्या टेबलावर त्याची आई पोळ्या लाटत असताना त्याने अकरा पाकिटं फोडली. यंग गन्स निघाली पाच. त्यातलं एक ते यादीचं. बेडार्ड नाही. बारावं पाकीट हातात घेऊन तो थांबला.

"मामा, सहावं यातच असणार ना?"

"बहुतेक. पण बेडार्डची शक्यता पंचेचाळीसांत एक."

त्याने थोडा विचार केला आणि ते पाकीट न फोडताच फडताळात ठेवून दिलं. अजून तिथेच आहे.