दोन मैलांचं चित्र

१९१३ साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' घेऊन सुरतेला गेले, तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये जमला असं सांगतात. तिकिटाच्या तेवढ्याच पैशांत तिथला माणूस रात्रभराचं नाटक बघत असे; तासाभराच्या मुक्या चित्रांसाठी तो कशाला येईल? मग फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! त्यानंतर गर्दी झाली.

हा किस्सा भारतीय सिनेमाच्या बहुतेक इतिहासांत सापडतो. मूकपटांच्या नादी लागलेला माणूस मात्र तो वाचून कागद-पेन्सिल घेतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे ५७,००० छायाचित्रांना साधारण ३,५६० फूट फिल्म लागेल. 'राजा हरिश्चंद्र'ची नोंदलेली लांबी आहे ३,७०० फूट, चार रिळं. हिशेब जवळपास जुळला. आता मैल बघू. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. चित्रपट तर पाऊण मैलही भरत नाही! फाळक्यांनी छायाचित्रं छापखानेवाल्याच्या चोखपणाने मोजली आणि मैल मात्र नाटकवाल्याच्या सढळ हाताने वाटले.

असे हिशेब करणं हा मूकपट बघण्याचाच एक भाग आहे, आणि या लेखात मला तेच सांगायचं आहे. बोलपट आपल्याला आयता मिळतो. मूकपट अपुरा मिळतो. आवाज नाही, कधी निम्मी रिळं नाहीत, कधी चित्रपटच नाही, नुसतं पोस्टर किंवा पुस्तिका आहे. उरलेलं प्रेक्षकाने भरायचं. म्हणून मूकपटाचा चाहता हळूहळू अर्धा संशोधक होतो. त्यातली मजा एकदा कळली की सुटत नाही.

विरार लोकलवरचा इतिहास

मी राहतो आचोळ्यात, नालासोपारा पूर्वेला. आमच्या गावाचा इतिहास सांगायचा तर लोक सोपाऱ्याचं बंदर, अशोकाचा शिलालेख आणि वसईचा किल्ला दाखवतात. सिनेमाचा इतिहास शोधायला आपल्याला दूर कुठेतरी जावं लागेल, असं इथल्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो आमच्या रोजच्या गाडीच्या वाटेवर पसरलेला आहे. विरारहून मुंबईला पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. लुमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत यायला त्यानंतर एकोणतीस वर्षं लागली.

चर्चगेटला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत गेलं की एस्प्लनेड मॅन्शनची जर्जर इमारत दिसते. हेच जुनं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी इथे लुमिए बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया, म्हणजे खेळ साहेबांसाठी आणि शेठजींसाठी. तिथून मागे येत चर्नी रोडला उतरलं की गिरगाव. या परिसरात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांच्या आठवणी आहेत. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती टिपली. १९०१ च्या अखेरीस केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजप्यांचं मुंबईत झालेलं स्वागतही त्यांनी चित्रित केलं. भारतीय वार्तापटाची ती सुरुवात.

गिरगावातच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ होतं. १८ मे १९१२ रोजी तिथे दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' लागला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र'. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी 'हरिश्चंद्र'चा खेळ झाला होता. आणि मूकपटांच्या युगावर पडदा पाडणारा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी झळकला तोही गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. अठरा वर्षांच्या युगाची दोन्ही टोकं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन्ही चित्रपटगृहं मात्र आता नाहीत.

मग दादर. पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग आहे. इथल्या मथुरादास मकनजींच्या बंगल्यात फाळक्यांनी 'हरिश्चंद्र'चा स्टुडिओ थाटला. सरस्वतीबाई फाळके तिथे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, रात्री कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडत आणि उन्हात पांढऱ्या चादरी धरून चेहऱ्यांवर उजेड पाडत. पुढे याच दादरला कोहिनूर आणि रणजित यांसारख्या कंपन्या आल्या. बाहेरच्या दृश्यांसाठी फाळके मंडळी वांगणीला गेली, तेव्हा हातात तलवारी घेतलेले हे लोक दरोडेखोरच आहेत असं गावकऱ्यांना वाटलं होतं. तेवढ्या एका ठिकाणासाठी आम्हाला गाडी बदलून मध्य रेल्वे पकडावी लागते.

ज्याला हे सगळं एका छपराखाली बघायचं असेल त्याने पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय गाठावं. गुलशन महल या जुन्या वास्तूत ते जानेवारी २०१९ पासून आहे.

उरलं किती?

१९३४ पर्यंत भारतात तेराशेच्या वर मूक कथापट तयार झाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसच्या आसपास शिल्लक आहेत. म्हणजे शंभरात दोन-तीन. फाळक्यांनी शंभराच्या घरात कथापट काढले. आज त्यांतले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे आणि तेही बहुतेक अर्धवट बघायला मिळतात.

असं का झालं? त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. तिला सहज आग लागे आणि दमट हवेत ती पिठासारखी व्हायची. स्टुडिओंना आगी लागल्या. पण मोठा घाव आगीने घातलेला नाही. बोलपट आल्यावर मूकपटाची बाजारातली किंमत थोड्याच वर्षांत शून्यावर आली आणि फिल्ममधल्या चांदीची किंमत तेवढी उरली. मालकांनी फिल्म धुवून चांदी काढून घेतली. जे त्यातून वाचलं त्यालाही सुरक्षितता नव्हती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठवणघराला आग लागली आणि नायट्रेटचा मोठा ठेवा जळाला.

जे आपल्यापर्यंत पोचलं, त्याचं बरंचसं श्रेय पी. के. नायर यांना आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. नायर यांनी तिथे आयुष्य घातलं. फाळक्यांच्या मुलांकडे, जुन्या वितरकांकडे, फिरत्या तंबूवाल्यांकडे जाऊन त्यांनी रिळं गोळा केली. 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ त्यामुळेच आज दिसतं. त्यातही एक गाठ आहे. ही रिळं १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं काही अभ्यासक मानतात. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा नायर यांच्यावरचा माहितीपट ज्याने पाहिला, त्याला गंजलेल्या डब्याचंही मोल कळतं.

काही चित्रपट परदेशी गेल्यामुळे वाचले. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचे 'प्रेम संन्यास' (१९२५), 'शिराझ' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) यांत जर्मन कंपन्यांचा हात होता, म्हणून त्यांच्या प्रती युरोपात राहिल्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये नव्याने दुरुस्त केलेल्या 'शिराझ'ला अनुष्का शंकर यांनी संगीत दिलं आणि त्याचे खेळ भारतातही झाले. कोलकात्याच्या 'बिल्वमंगल'चे (१९१९) अवशेष २०१६ मध्ये फ्रान्सच्या संग्रहालयातून पुण्याला परत आले.

मराठी मुलखाची हानी यात फार मोठी आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'पासून (१९२०) जे काम केलं, त्याची कीर्ती आपण ऐकतो. 'सावकारी पाश' (१९२५) हा ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा चित्रपट. कर्जात बुडालेल्या शेतकरी कुटुंबाची ही गोष्ट, त्यात तरुण व्ही. शांताराम. पुराणकथांच्या गर्दीत खेड्यातलं खरं दुःख पडद्यावर आणणारा हा मूकपट आज उपलब्ध नाही. पेंटरांनी १९३६ मध्ये त्याचा बोलपट केला, पण मूळ काम आपल्याला लेखी वर्णनांतूनच ओळखावं लागतं.

कसं बघायचं?

नवा चाहता बहुधा चॅप्लिन आणि बस्टर कीटनच्या वाटेने येतो. मराठी माणसाला आणखी एक दार मिळालं ते परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मुळे (२००९). पण तिथून मूळ फाळक्यांकडे वळलं की पहिल्या पाच मिनिटांत हिरमोड होतो. माणसं तुरुतुरु पळतात, हातवारे करतात, काय चाललंय कळत नाही.

पहिला दोष वेगाचा. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी पडत, कधी अठरा-वीसही. सोळाचा वेग धरला तर एक फूट फिल्म एका सेकंदात जाते, आणि ३,७०० फुटांचा 'हरिश्चंद्र' तासाभराचा होतो. तीच फिल्म बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने पळवली तर एक्केचाळीस मिनिटांत संपते. पुस्तकांत 'चाळीस मिनिटांचा चित्रपट' असं जे वाचतो ते बहुधा यामुळेच. घरी बघताना वेग पाऊणपट किंवा त्याहून कमी करून बघा. नट डबके यांचा हरिश्चंद्र एकदम राजासारखा चालायला लागतो.

दुसरी गोष्ट चौकटीची. फाळके लोणावळ्याजवळच्या रवि वर्मा छापखान्यात शिळाछपाईचं काम करून आलेले. हरिश्चंद्र रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो, शेजारी तारामती उभी, मागे नगरजन. हे दृश्य भिंतीवरच्या तसबिरीसारखं रचलेलं आहे. तेव्हाच्या घराघरांत रवि वर्माची चित्रं टांगलेली होती. प्रेक्षकाला ती हलताना दिसली, आणि आपण काय बघतोय हे त्याला पडद्यावरची मजकुराची पाटी न वाचता कळलं.

तिसरी गोष्ट नटांची. तारामतीची भूमिका करायला बाई मिळाली नाही, म्हणून ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले स्वयंपाकी अण्णा साळुंके तारामती झाले. 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोघंही तेच! पण 'हरिश्चंद्र'च्याच वर्षी, १९१३ साली, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. या कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. तो चित्रपट हरवला, पण रीना मोहन यांच्या 'कमलाबाई' या माहितीपटात वृद्ध कमलाबाई आपल्याशी बोलतात.

सुरुवात मात्र 'कालिया मर्दन'ने (१९१९) करावी, कारण तो बराचसा सलग उरला आहे. फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली. आरंभी फाळके तिचा चेहरा जवळून दाखवतात: राग, हसू, रुसवा. पुढे पाण्याखाली कालियाशी झुंज आहे. ती कशी केली असेल यावर वाद घालत बसावं. याच माणसाने १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकटीचौकटीने टिपून भांडवलदाराला खात्री पटवली होती. आणि फाळक्यांची भूमिका त्यांच्याच मराठीत वाचायची असेल, तर १९१७-१८ मधले 'नवयुग' मासिकातले त्यांचे लेख शोधावेत. 'ख्रिस्ताचं चरित्र' हा चित्रपट बघताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील हा ध्यास त्यांनी तिथे सांगितला आहे.

आवाज आपला

मूकपटाचा खेळ कधीच मुका नव्हता. पडद्याखाली पेटी, तबला, कुठे व्हायोलिन असे. पाट्या दोन-तीन भाषांत असत आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाची. जपानमध्ये अशा निवेदकांना 'बेन्शी' म्हणत आणि ते नटांइतके लोकप्रिय होते. खेळाचा निम्मा भाग थिएटरात रोज नव्याने तयार होत असे. फिल्म टिकवता येते. हा भाग टिकवायचा असेल तर पुन्हा करूनच बघावा लागतो.

आणि तो करायला आचोळ्यासारखी जागा वाईट नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या वर्षानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे या मूकपटांवर तो केव्हाच राहिलेला नाही. संग्रहालयाची प्रत हवी असेल तर त्यांची रीतसर परवानगी घ्यावी लागेल आणि इतरांनी नव्याने रचलेलं संगीत परवानगीशिवाय वापरता येणार नाही, एवढं लक्षात ठेवावं. संगीत बाहेरून आणायची गरजही नाही. आमच्याकडे कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांची भजनी मंडळं आहेत. 'कालिया मर्दन'च्या कृष्णाला साथ करायला पेटी, पखवाज आणि टाळ यांहून योग्य वाद्यं कोणती? एक प्रोजेक्टर, एक चादर, पाट्या मराठीत सांगणारी एखादी खणखणीत आवाजाची बाई, आणि वेग सोळावर. चित्रपट मंडळं मुंबईत नवी नाहीत. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करतं आहे. पण रात्री साडेनऊला घरी पोचणारा नालासोपाऱ्याचा प्रेक्षक दादरचा खेळ बघायला पुन्हा गाडी पकडणार नाही. खेळानेच इकडे यायला हवं.

खेळ संपल्यावर लोक भांडतील: कालिया वर आला तेव्हा पखवाजवाल्याने थांबायला हवं होतं की हात वाढवायला हवा होता? तसं भांडण झालं, तर पुढच्या खेळाला वाजवणारे, वाचणारे आणि बघणारे तिथेच तयार झाले असं समजायला हरकत नाही.