जानोसघर हुआ हिनला

मुंबई विमानतळावर आमच्या वऱ्हाडातली पहिली बॅग अडली ती खोबऱ्यामुळे. वहिनींनी भाचीच्या ओटीचं सामान घरूनच बांधून घेतलं होतं: खण, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, बदाम आणि सुक्या खोबऱ्याच्या अकरा वाट्या. बाकी सगळं विमानात चढलं, खोबरं काउंटरवरच राहिलं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, कोंडलेल्या जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात धरतात आणि चेक-इनच्या बॅगेत घेत नाहीत. मोबाइल चार्ज करायच्या पॉवर बँकेचीही तीच गत, फक्त ती हातातल्या बॅगेत चालते. आम्ही दोन्ही वस्तू चुकीच्या जागी ठेवल्या होत्या.

परदेशातल्या लग्नाला निघालेल्या पाहुण्याला एक गोष्ट उशिरा कळते. वऱ्हाड हा आपल्याकडे समूहाचा शब्द आहे. गाडी यजमानांनी ठरवायची, जानोसघर त्यांनी बघायचं, आपण पिशवी उचलून बसमध्ये बसायचं. पण पासपोर्ट एकट्याचा असतो. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी वरमाय, करवली, मामा सगळे एकेकटे उभे राहतात. तिथे वधूपित्याला हाक मारून उपयोग नसतो.

आमचं लग्न होतं थायलंडमधल्या हुआ हिनला. बँकॉकच्या नैर्ऋत्येला साधारण दोनशे किलोमीटरवरचं हे समुद्रकाठचं गाव. राजा प्रजाधिपोक यांनी १९२०च्या दशकात इथे उन्हाळी राजवाडा बांधायला घेतला, त्याचं नाव ‘क्लाय कांगवोन’, म्हणजे चिंतेपासून दूर. हे नाव ऐकून माझा भाऊ केविलवाणा हसला होता.

त्याच्या चिंतेचं एक कारण तिकिटांची यादी. ती भाच्यानं केली होती, आणि आमच्या घरातल्या ज्येष्ठ माईंचं नाव त्यानं घरात सगळे म्हणतात तेच लिहिलं. ते सासरी ठेवलेलं नाव. पासपोर्टवर मात्र माहेरचं. मागच्या पिढीतल्या किती बायकांची अशी दोन नावं असतात! तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूमच लागतं. ही चूक आठवडाभर आधी सापडली म्हणून निभावलं. तेव्हा यजमानांना नाव तोंडी किंवा मेसेजमध्ये टाइप करून देऊ नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. पाठवताना मुदतही बघा. प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक हवेत. पासपोर्ट अजून चालू आहे की, हा युक्तिवाद काउंटरवर चालत नाही.

थायलंडनं भारतीय पर्यटकांना २०२३च्या नोव्हेंबरात व्हिसा माफ केला आणि तिथे लग्नं करणं सोपं झालं. पण ही सवलत आणि मुक्कामाचे दिवस मध्येच बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. गेल्या वर्षी कुणी कसं गेलं, यावर विसंबू नये. १ मे २०२५पासून तिथे डिजिटल आगमनपत्रही भरावं लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, आणि फुकट. ‘फुकट’ मुद्दाम सांगते, कारण हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट पैसे उकळतात. घरातल्या ज्येष्ठांचं हे पत्र कुणीतरी भरून द्यावं, पण हॉटेलचं नाव आणि परतीचं तिकीट कागदावर छापून त्यांच्याच पर्समध्ये ठेवावं. माईंना खिडकीतल्या अधिकाऱ्यानं कुठे राहणार विचारलं, त्यावर त्यांनी ठामपणे सांगितलं, “भाचीच्या लग्नाला!”

ऋतूचं गणित आपल्याकडच्या माणसाला चकवतं. तुळशीचं लग्न लागलं की आपले मुहूर्त सुरू होतात आणि आपल्या डोक्यात पावसाळा संपलेला असतो. पण थायलंडला दोन समुद्र आहेत. अंदमानच्या बाजूचं फुकेत नोव्हेंबरपासून कोरडं होऊ लागतं, तर थायलंडच्या आखाताच्या बाजूच्या कोह सामुईला नोव्हेंबरातच सर्वांत जास्त पाऊस पडतो. हुआ हिनलाही ऑक्टोबर-नोव्हेंबर ओलेच. पत्रिकेवर नुसतं ‘थायलंड’ वाचून पैठणी भरू नका, किनारा कोणता ते विचारा. नोव्हेंबरच्या त्या दमट हवेत आमच्या नऊवाऱ्या अंगाला चिकटल्या आणि वाळूत टाचांच्या चपला रुतल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या सुती साडीत आणि सपाट चपलेत होत्या. फोटोत फरक दिसत नाही.

घड्याळ दीड तास पुढे करायचं असतं. मोबाइल आपलं आपण करतो, मनगटी घड्याळ करत नाही. नानाकाका त्यामुळे हळदीला पोचले तेव्हा नवरदेवाची अंघोळ झालेली. गुरुजींनी मुहूर्त मात्र हुआ हिनच्या सूर्योदयावरून काढला होता. ‘दाते पंचांगात वेगळी वेळ आहे’ म्हणणाऱ्यांना त्यांनी शांतपणे समजावलं.

जेवणाबद्दल. लग्नाच्या हॉटेलात महाराज भारतातून येतात, तिथे प्रश्न नसतो. प्रश्न येतो बाजारात हिंडताना. तिथल्या साध्या पालेभाजीतही ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचं खारं पाणी पडतं आणि ते विकणाऱ्याला मांसाहार वाटतच नाही. शाकाहारासाठी थाई शब्द आहे ‘मांगसाविरत’. हा आपलाच मांसविरती. पण कांदा-लसूणही नको असेल तर ‘जे’ म्हणावं; पिवळ्या-लाल पाटीवर तो शब्द लिहिलेला दिसतो. नमस्काराला हात जोडतात, तोंडानं ‘सवाद्दी’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी ‘स्वस्ति’ आहे. इतकं जवळचं वाटल्यावर माणूस गाफील होतो.

गाफील झालेलं परवडत नाही अशी एक जागा वरातीत येते. आपल्याकडे नवरदेवावरून नोटा ओवाळून वाजंत्र्यांवर उधळतात. थाई नोटेवर राजाचं चित्र असतं, आणि ती पायाखाली जाणं हा तिथे राजाचा अवमान. राजाच्या बदनामीला त्यांच्या दंड संहितेच्या कलम ११२नुसार तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. नाचणाऱ्या मामांना कुणी तुरुंगात टाकलं नसतं बहुधा, पण ढोल वाजवणारी थाई मुलं थबकली ते मी पाहिलं. पैसे पाकिटात घालून हातात द्यावेत. गोड मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायचा मोहही आवरावा, डोकं तिथे पवित्र मानतात. ई-सिगारेट नेणं तर सरळ गुन्हा आहे.

आहेर नवरा-नवरीला तिथे देऊ नका, त्यांना तो परत वाहून आणावा लागतो. औषधं मूळ पट्टीतच ठेवा. झोपेच्या गोळ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. ज्येष्ठांचा विमा घेताना जुना मधुमेह, रक्तदाब लिहायला लाजू नका, आणि व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. भाड्याची स्कूटर तरुणांनी टाळावी: परवाना नसताना पडलात तर विमा हात वर करतो.

परतीचा भाग सर्वांत नाजूक. लग्नघरात ‘एवढी पिशवी तुझ्या बॅगेत टाक’ हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात हायड्रोपोनिक गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबईत वारंवार येतात. सामान ज्याच्या ताब्यात, गुन्हा त्याच्या नावावर. त्यामुळे सख्ख्या दिराची पिशवीसुद्धा उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये. राग आला तर येऊ दे.

दागिन्यांची काळजी मात्र जाताना घ्यायची असते. अंगावरचं सोनं घरचंच आहे, तिकडून आणलेलं नाही, हे परतल्यावर सिद्ध करायचं तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं. बिलं किंवा मूल्यांकनाचा कागद सोबत हवा, आणि वेळ हाताशी हवा. आमच्यात हे फक्त माईंनी केलं होतं. आम्ही सगळे हसलो होतो.

परत आलो तेव्हा अधिकाऱ्यानं नेमकं माईंच्या पाटल्यांकडे पाहिलं. माईंनी पर्स उघडली, हळदीचे डाग पडलेला कागद काढला, त्याच्या हातात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे. माझं नाव मी सांगते, माहेरचं.”