तुडवलेला वाफा

संपादकांनी विषय दिला ‘चेक नवसिनेमा, घरच्या पडद्यावर’. सगळ्या दिग्दर्शकांना थोडी थोडी जागा मिळावी, अशी त्यांची इच्छा. पंगतीत प्रत्येकाच्या पानात एकेक पळी वाढत जाणं मला कधी जमलेलं नाही, तेव्हा आधीच सांगून टाकतो. मिलोश फोरमन आणि यिरी मेन्झेल यांच्याबद्दल या लेखात फारसं काही सापडणार नाही. दोघेही मोठे, दोघेही लाडके. मेन्झेलच्या ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ला ऑस्कर मिळालं, त्याच्या दोन वर्षं आधी कादार आणि क्लोस यांच्या ‘शॉप ऑन मेन स्ट्रीट’ला मिळालं, फोरमन अमेरिकेत गेला आणि तिथेही जिंकला. हे फिल्म सोसायटीच्या नव्या सभासदालाही पाठ असतं. आमचे एक ज्येष्ठ मित्र (नाव घेत नाही, दिवाळी आहे) प्रत्येक भाषणात चेक सिनेमा म्हणून हीच यादी वाचतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात.

मला लिहायचं आहे ते ‘सेडमिक्रास्की’वर. म्हणजे ‘डेझीज’, साल १९६६, दिग्दर्शक व्हेरा खितिलोव्हा. (तिच्या आडनावाचा आपण इतकी वर्षं ‘चायटिलोव्हा’ करून ठेवला. त्या पापात मीही आहे.) मूळ चेक शब्दाची फोड केली तर त्यात सात आणि सौंदर्य असे दोन्ही शब्द निघतात. डेझी म्हणजे गवतात उगवणारं साधं पांढरं फूल. पायाखाली येणारं.

आमच्या सोसायटीच्या उमेदीच्या काळात, सत्तरच्या दशकात, पूर्व युरोपच्या वकिलाती प्रिंट देत. पत्र टाकायचं, पेटी रेल्वेने यायची, हमाली आपण भरायची. चेकोस्लोव्हाकियाकडून मुलांचे चित्रपट येत, बाहुल्यांचे येत. यिरी त्रन्काच्या बाहुल्या मी मुलांच्या गर्दीत बसून पाहिल्या आहेत आणि त्या अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. ‘डेझीज’ मात्र मागूनही आला नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागमध्ये रणगाडे शिरल्यानंतर तिथल्या नव्या सरकारला जे झाकून ठेवायचं होतं, ते आमच्या गावच्या शाळेच्या हॉलमध्ये ते कशाला पाठवतील? खुद्द खितिलोव्हाला १९७० नंतर पुढचा कथापट करायला १९७६ उजाडलं, आणि त्यासाठी आधी राष्ट्राध्यक्ष हुसाक यांना पत्र लिहावं लागलं.

मग नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या भाच्याने व्हीएचएस कॅसेट पाठवली. रात्री जेवणं उरकून मी ती लावली. चित्र मधूनमधून वर सरकत होतं, तळाशी पांढऱ्या रेघा नाचत होत्या, पण चित्रपट दिसला. दोन पोरी, दोघींचं नाव मारी. जगच बिघडलंय, तर आपणही बिघडू या, असं ठरवून म्हाताऱ्यांना जेवणाची बिलं भरायला लावणाऱ्या, खाऊन पिऊन त्यांना आगगाडीत बसवून देणाऱ्या, शेवटी कुणासाठी तरी मांडलेल्या मेजवानीचा चेंदामेंदा करणाऱ्या. मी भारावलो. सोसायटीच्या अंकात चार पानी लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ‘कृष्णधवल माध्यमाचा इतका संयत वापर क्वचितच झाला असेल.’

चित्रपट रंगीत आहे.

अमेरिकेची कॅसेट एनटीएससी पद्धतीची, आपला टीव्ही पाल पद्धतीचा. रंगाचा संकेत आमच्या यंत्राला वाचताच आला नाही, त्यामुळे चित्र आलं आणि रंग गळून गेला. पुढे एका ग्रंथालयात या चित्रपटाचं हिरवंगार छायाचित्र पाहिलं, तेव्हाही मला वाटलं की प्रसिद्धीसाठी नंतर कुणीतरी रंगवलं असावं. माझ्या लेखाचं तेव्हा जोरदार कौतुक झालं. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीही चित्रपट पाहिलेला नव्हता.

खरा ‘डेझीज’ मी पाहिला तो ‘क्रायटेरियन’च्या ‘एक्लिप्स’ मालिकेतला बत्तिसावा संच २०१२ मध्ये आला तेव्हा. सहा चित्रपट. अमेरिकेची डिस्क एक नंबर विभागाची, आपला विभाग पाच, म्हणून आधी प्लेअरचं कुलूप काढून घेतलं. पहिल्याच मिनिटांत शरमलो. पोहण्याच्या कपड्यात फळीवर बसलेल्या दोघी करड्या रंगात आहेत, हात हलवला की दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो. एक दुसरीला थोबाडीत मारते, ती कोलमडते, आणि कोलमडून पडते ती भडक हिरव्या कुरणात, फळांनी लगडलेल्या झाडापाशी. एका थोबाडीत करड्या जगातून रंगीत जगात! माझ्या कॅसेटमध्ये ती नुसती एक पडझड होती. हॉटेलातल्या टेबलावर माणूस बोलतोय आणि त्याच वाक्यात चित्र पिवळं होतं, जांभळं होतं. धावत्या गाडीतून मागे पळणारे रूळ रंग बदलत बदलत नुसते पट्टे होऊन जातात. हे कॅमेरामन यारोस्लाव कुचेराचं काम, म्हणजे खितिलोव्हाच्या नवऱ्याचं. फिल्टर आणि प्रयोगशाळा यांच्या जोरावर त्याने बारांडोव्ह स्टुडिओत असे काही प्रयोग केले की आज संगणकावर तेच करणाऱ्यांना तो मुळात हातकारागिरीचा माल होता, हे सांगूनही पटत नाही. ‘डेझीज’च्या दोनच वर्षं आधी त्यानेच यान नेमेत्सच्या ‘डायमंड्स ऑफ द नाइट’मध्ये पळणाऱ्या दोन ज्यू पोरांमागे कॅमेरा पळवला होता, तो मात्र खरोखर कृष्णधवल. माझं ते वाक्य तिथे शोभलं असतं.

आता माझं जुनं टुमणं. खितिलोव्हाचं नाव झालं, ते व्हायलाच हवं होतं. वास्तुशास्त्र अर्धवट सोडून, नकाशे काढून, कपड्यांची मॉडेल होऊन, क्लॅप मारून तिशीच्या उंबरठ्यावर प्रागच्या फामू चित्रपटशाळेत शिरलेली ही बाई कुणाच्या मेहरबानीने पुढे आलेली नाही. पण या चित्रपटावर तिच्याइतकाच हक्क एस्टर क्रुम्बाखोव्हाचा आहे, आणि हे मी पंधरा वर्षं सांगतो आहे. पटकथेत ती आहे. वेशभूषा तिची. ‘वेशभूषा’ म्हटलं की आपल्याकडे शिंपी आणि इस्त्रीवाला डोळ्यांसमोर येतो, तिथेच घोटाळा होतो. दुसऱ्या मारीच्या केसांतली ती फुलांची वेणी पाहा. गावाकडची भोळी मुलगी वाटावी म्हणून घातलेली, आणि तीच मुलगी समोरच्या म्हाताऱ्याला लुबाडते आहे. शेवटी दोघींच्या अंगावर वर्तमानपत्रं असतात, सुतळीने आवळून बांधलेली. सरकारी छापील कागदात गुंडाळलेल्या पोरी कुजबुजत कामाला लागतात. या एका पोशाखावर निबंध लिहायला हवा. लिहिला तर छापणार कोण, हा प्रश्न निराळा.

आणखी एक गोष्ट कुणी जोडून पाहत नाही, म्हणून मी जोडतो. १९६६ सालीच क्रुम्बाखोव्हाने नेमेत्सबरोबर ‘पार्टी अँड द गेस्ट्स’ लिहिला. तळ्याकाठी उघड्यावर पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, यजमान, पाहुणे, आणि मेजवानीतून उठून गेलेल्या एका माणसामागे सोडलेला कुत्रा. १९७० मध्ये तिने स्वतः दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट आला, ‘मर्डर ऑफ मिस्टर डेव्हिल’. त्यात एक बाई रांधते आहे आणि पाहुणा म्हणून आलेला सैतान ओरपतो आहे, त्याचं पोट काही भरत नाही. तीन चित्रपट, तीन दिग्दर्शक, तिन्हीत टेबल आहे. ते टेबल खितिलोव्हाचं नाही, नेमेत्सचंही नाही. कोण जेवतो, कोण वाढतो, कोणाला उठायची मुभा नाही, हे सगळं क्रुम्बाखोव्हाने पाहून ठेवलेलं आहे.

सत्तेला ते बरोबर कळलं. मे १९६७ मध्ये यारोस्लाव प्रुझिनेत्स नावाच्या प्रतिनिधीने एकवीस सभासदांच्या वतीने राष्ट्रीय सभेत तक्रार केली, त्यात ‘डेझीज’ आणि ‘पार्टी अँड द गेस्ट्स’ ही दोन्ही नावं होती. ‘डेझीज’वरचा एक आक्षेप असा की शेतकरी कष्टाने पिकवतो आणि इथे अन्नाची नासाडी चालली आहे. खितिलोव्हाने उत्तर जणू आधीच देऊन ठेवलं होतं. चित्रपटाच्या अखेरीस बाँबने उद्ध्वस्त झालेल्या शहरावर अक्षरं उमटतात, एकेक अक्षर बंदुकीच्या आवाजासारखं. तुडवलेल्या सॅलडच्या वाफ्यावरूनच ज्यांचा संताप होतो, त्यांना हा चित्रपट अर्पण आहे.

प्रुझिनेत्सला हसणं सोपं आहे. मी हसलो नाही, कारण तेच आमच्या घरात घडलं होतं. त्या २०१२ च्या रात्री आई हॉलमध्ये बसली होती, वय पंच्याऐंशी. बहात्तरच्या दुष्काळात तिने लाल मिलोच्या भाकरी थापलेल्या, सुकडीच्या रांगा पाहिलेल्या. ताटात शीत टाकलं तर आम्हाला उठू न देणारी बाई. पडद्यावर पोरी केकवरून टाचा रोवत चालायला लागल्या, भाजलेले पक्षी एकमेकींच्या अंगावर भिरकावायला लागल्या, आणि आई उठली. ‘बंद कर ते,’ म्हणाली. मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला विचारते, ‘पुढे काय झालं त्या पोरींचं?’ मी शेवट लावला. वर्तमानपत्रातल्या दोघी फुटलेल्या बशांचे तुकडे जुळवून ठेवताहेत, सांडलेलं अन्न हाताने गोळा करून परत ताटात भरताहेत, आता आम्ही शहाण्या होणार म्हणताहेत. आई बघत राहिली. मग म्हणाली, ‘असं जोडून व्हायचं नाही.’ आजवर या चित्रपटावर मी जे काही वाचलं, त्यात इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

थिएटरात हे झालं असतं का? आई तरातरा निघून गेली असती आणि विषय संपला असता. म्हणून मोठ्या पडद्याचे कैवारी जेव्हा डिस्कवर पाहिलं ते पाहिलंच नाही असा दम देतात, तेव्हा मी ऐकून घेतो आणि घरी येऊन रिमोट हातात घेतो. यातल्या काहींनी ‘डेझीज’ महोत्सवात एकदाच पाहिलेला असतो, दिवसातला पाचवा चित्रपट म्हणून, अर्धा डोळा मिटून. हा चित्रपट थांबवूनच पाहायचा आहे. त्यात एक जागा आहे, दोघी कात्रीने एकमेकींना कापतात. हात सुटतो, मुंडकं सुटतं, आणि मग चित्राच्याच चौकटीचे चौकोनी तुकडे होऊन ते जागा बदलत राहतात. नुसत्या डोळ्याला ती एक गडबड दिसते. पॉज करत, एकेक चौकट पुढे सरकवत गेलं की संकलक मिरोस्लाव हायेकने आणि कुचेराने प्रयोगशाळेत काय मजुरी केली असेल, ते कळतं. दुसरी जागा आहे फोनवर प्रेमाची भाषा करणाऱ्या माणसाची. तो बोलतोय आणि इकडे कात्रीने सॉसेज, केळी, अंडी यांचे तुकडे होताहेत. बोलणं ऐकायला एकदा, कात्री पाहायला एकदा, भिंतीवर चिकटवलेली चित्रं वाचायला तिसऱ्यांदा. भर थिएटरात हसणारी माणसं मला घरी मिळत नाहीत, हे मात्र खरं. ‘डेझीज’ हा एकट्याने हसायचा चित्रपट नाही.

बाकीच्या डिस्कांबद्दल भराभर. लंडनच्या ‘सेकंड रन’ला माझे नमस्कार, कारण त्यांच्या डीव्हीडींना विभागाचं कुलूप नसतं आणि सोबतच्या पुस्तिका वाचण्यासारख्या असतात. खितिलोव्हाचा ‘फ्रूट ऑफ पॅराडाइज’ घ्या, आदम-इव्हची कथा. सुरुवातीची पानाफुलांत बुडालेली नग्न जोडी आणि झ्डेनेक लिश्काचं संगीत, एवढ्यासाठी डिस्कची किंमत वसूल, पुढचा भाग मला रेंगाळलेला वाटतो. यारोमिल यिरेशचा ‘व्हालेरी’ जरूर. गोष्ट नेझ्वालची, पण पडदे, पांढरे फ्रॉक आणि कानातले डूल पाहताच कळतं की क्रुम्बाखोव्हा आसपास आहे. ‘पर्ल्स ऑफ द डीप’ हा ह्राबलच्या कथांवरचा पाच जणांचा गुच्छ अभ्यासकांसाठी. उरलेले ज्याच्या त्याच्या हौसेने.

२०२२ मध्ये ‘डेझीज’ची ४के प्रतीवरून केलेली ब्लू-रे आली. मी घेतली. रंग आता इतके स्वच्छ आहेत की पहिल्या मारीच्या डोळ्यांभोवतीच्या काजळाच्या रेघेतला हाताचा कंप दिसतो. पण विकत घ्यायला जाणार कुठे? आमच्या भागातलं डिस्कचं शेवटचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरं लटकली. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नाही. चित्रपट-रसास्वादाच्या एका वर्गात मागे बसलेल्या मुलीने मला मोबाइलवर या दोन मारींचे दहा सेकंदांचे तुकडे दाखवले, एकामागून एक. तिला प्रत्येक फ्रॉक पाठ होता. पूर्ण चित्रपट पाहिला का, विचारलं, तर म्हणाली, ‘सर, तो कुठे मिळतो?’ खाली मान घालून मी बॅग उघडली आणि डिस्क दिली. तिच्याकडेही प्लेअर नव्हता. तो पुढच्या रविवारी माझ्याकडून घेऊन गेली, डोक्यावरच्या टोपलीसारखा दोन्ही हातांनी धरून.

वाचकांपैकी कुणाला यातलं काही पाहायचं असेल तर संपादकांकडे माझा फोन नंबर आहे. डिस्का देतो, पैसे घेत नाही, फक्त पुस्तिका दुमडू नका. आणि २०१९ साली माझ्याकडून ‘व्हालेरी’ नेलेले गृहस्थ हा अंक वाचत असतील तर त्यांनी ती कृपया दिवाळीनंतर परत आणून द्यावी. कव्हर नसलं तरी चालेल.