रक्त पडते ते अर्शानेच काय?

पंचेचाळिशीनंतर मलप्रवृत्तीची सवय अकारण बदलली, मलासोबत रक्त दिसू लागले, की रुग्ण संकोचाने औषधालयात येतो व त्रिफळा चूर्ण वा कुटजारिष्ट मागतो. आम्हीही पन्नाशीच्या एका गृहस्थांस अर्श समजून चार महिने औषध दिले. गुदपरीक्षण केले नाही. पुढे पांडुता व वजनातील घट पाहून कोलोनोस्कोपीस धाडले, तेव्हा मलाशयात अर्बुद आढळले. अर्श होतेच, परंतु अर्श असणे म्हणजे अर्बुद नसणे नव्हे. सुश्रुतसंहितेत अर्शोयंत्र वर्णिले आहे. आमच्या कपाटातील प्रोक्टोस्कोप मात्र धूळ खात होता! अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०२१ साली या कर्करोगाच्या चाळणी-तपासणीचे वय ५० वरून ४५ केले. औषधविक्रेते बंधूंनी तीच बाटली तिसऱ्यांदा मागणाऱ्यास ‘रक्त पडते काय?’ असे विचारून वैद्यांकडे पाठवावे.