पाचगणीची वारसाफेरी : हवेने घडवलेल्या गावाचा पायी शोध

सातारा जिल्ह्यातील पाचगणी पाहण्याची रूढ रीत अशी आहे की, वाईहून पसरणीचा घाट चढून आलेला प्रवासी गाडीतून एका पॉइंटवर उतरतो, छायाचित्रे काढतो आणि पुढच्या पॉइंटकडे निघतो. या रीतीत कृष्णेचे खोरे दिसते, धोम धरणाचे पाणी दिसते, परंतु सुमारे १,३०० मीटर उंचीवर दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदणारे गाव मात्र गाडीच्या काचेपलीकडून निघून जाते. वारसाफेरी, म्हणजे जाणत्या वाटाड्यासोबत ठरावीक मार्गाने पायी हिंडत वस्तीचा इतिहास समजून घेण्याचा उपक्रम, पाचगणीसाठी आखावयाचा झाल्यास पहिला निर्णय हाच घ्यावा लागतो की, मार्ग स्थळांच्या प्रसिद्धीवरून न ठरवता कारणांच्या क्रमाने ठरवावा. कारण या गावातील रुग्णालय, शाळा, बंगले आणि बाजार हे सारे एकाच गोष्टीतून, तेथील हवेतून, निपजले आहेत.

मार्गाचा क्रम हाच फेरीचा युक्तिवाद असतो, हे अहमदाबादने दाखवून दिले आहे. तेथे १९ नोव्हेंबर १९९७ रोजी सुरू झालेली फेरी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट मोहल्ल्यांमधून, जामा मशिदीपाशी पोहोचते. शहरातील सहजीवनाविषयी वेगळे भाषण करण्याची गरज उरत नाही. पाचगणीच्या शेजारचे उदाहरण भिलारचे आहे. ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून खुल्या झालेल्या या गावात पुस्तके ग्रामस्थांच्या घरांतून मांडलेली असल्यामुळे वाचकाला घराघरांतून पायी हिंडावे लागते आणि हिंडता हिंडता स्ट्रॉबेरी पिकवणारे गावही त्याच्या ओळखीचे होते.

पाचगणीच्या फेरीची सुरुवात टेबललँडवरच, पण घोड्यांची व गाड्यांची वर्दळ वाढण्यापूर्वी, सकाळी लवकर व्हावी. हे विस्तीर्ण सपाट पठार जांभ्याचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर साचून दख्खनचा काळा पाषाण बनला. पुढे उष्ण व दमट हवामानात त्याच्या वरच्या थरातील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि तांबूस, सच्छिद्र जांभा तयार झाला. पठाराच्या कडेला वाकून पाहिले तर दगडातील वेड्यावाकड्या पोकळ्या उघड्या डोळ्यांना दिसतात, तुटलेल्या तुकड्यावर अंगठा घासला तर गंजासारखी भुकटी बोटाला लागते, आणि पावसाचे पाणी या पोकळ्यांतून मुरत खाली जाऊन जेथे पाणी अडवणारा चिकणमातीचा थर लागतो तेथे झऱ्याच्या रूपाने का बाहेर पडते, हे वाटाड्याला हातातील खड्यावरूनच समजावून देता येते. भारताने सप्टेंबर २०२५ मध्ये ज्या नैसर्गिक स्थळांची नावे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदवली, त्यांत पाचगणी व महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्हाथरांचा समावेश आहे. पठाराखालच्या गुहांशी जोडलेली पांडवांच्या वास्तव्याची कथाही येथेच सांगावी, मात्र लोकश्रद्धा म्हणून.

पठारावरून गावात उतरताना पावसाचा विषय काढणे सोयीचे ठरते. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर अवघ्या १९-२० किलोमीटरवरच्या पाचगणीत तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. डोंगराच्या ज्या बाजूला ढग रिते होऊन पोहोचतात त्या बाजूला पर्जन्यछाया म्हणतात आणि पाचगणी त्या छायेच्या उंबरठ्यावर आहे. उन्हाळ्यात महाबळेश्वरी राहणाऱ्या इंग्रजांना पावसाळ्यात ते ठिकाण सोडावे लागे, म्हणून बारमाही राहता येईल अशा जागेची निकड निर्माण झाली. जॉन चेसन यांनी रुस्तमजी दुबाश यांच्यासह या डोंगरांची पाहणी करून दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली जागा निवडली, आणि १८६० च्या दशकात चेसन यांच्याकडेच तिची देखरेख सोपवण्यात आली. रस्त्याकडेचे सिल्व्हर ओक व पॉइन्सेटिया यांच्या लागवडीचे श्रेय त्यांना दिले जाते.

यानंतरचा मुक्काम चेसन यांच्या बंगल्यांच्या जगात नव्हे, तर गावठाणात व्हावा. नव्या वस्तीला शिंपी, धोबी, खाटीक, भाजीविक्रेते आणि बांधकामाचे ठेकेदार हवे होते. चेसन यांनी त्यांना येथे येऊन राहण्यास उत्तेजन दिले आणि बाजाराखालची जागा नेमून दिली. थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास बहुधा वर राहणाऱ्यांच्या नावाने लिहिला जातो, पण त्यांची चूल पेटती ठेवणारे लोक खाली राहत होते, आणि बंगल्यांच्या रांगेतून गावठाणाकडे जाणारा उतार पायांनी अनुभवल्याशिवाय हे अंतर कळत नाही. चेसन यांची कबर सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत आहे. तिचे दर्शन गावठाण पाहून झाल्यावर घेणे अधिक न्यायाचे होईल.

हवेचा पुढचा अध्याय आजाराचा आहे. क्षयरोगावर परिणामकारक औषध १९४० च्या दशकात हाती आले, तोवर विश्रांती, सकस आहार आणि मोकळी, कोरडी, थंड हवा हाच उपचार मानला जाई. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढले ते या समजुतीच्या आधारावर. पुढे ते इंडियन रेडक्रॉस सोसायटीकडे आले. ज्या हवेच्या भरवशावर रुग्ण आले, तिच्याच भरवशावर दूरदूरच्या पालकांनी आपली मुलेही येथे धाडली. सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ चे; युरोपीय मुलामुलींसाठी १८९० च्या दशकात निघालेल्या शाळेतून १९०२ मध्ये मुलांची शाखा वेगळी होऊन सेंट पीटर्स आणि मुलींची किमिन्स अशा दोन संस्था झाल्या; १९२२ साली संजीवन विद्यालय आणि १९४५ साली बहाई पंथीयांचे न्यू इरा सुरू झाले. सेंट पीटर्सपाशी रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीचे, म्हणजे झांझिबारहून शिकायला आलेल्या फारोख बलसारा या पारशी मुलाचे, नाव निघणारच, आणि त्याने तेथे सोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हे वाद्यवृंदाचे पथक काढले होते हेही सांगावे. परंतु शाळा चालू असताना फाटकाबाहेर थांबूनच बोलणे, हा नियम फेरीने कधीही मोडू नये.

मार्गातील सर्वांत वजनदार थांबा ‘दिलखुशा’ या बंगल्याचा होय. ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटलेले, आजाराने खंगलेले महात्मा गांधी जुलैमध्ये प्रकृती सावरण्यासाठी पाचगणीला आले. म्हणजे त्यांनाही येथे आणले ते हवेनेच. १७ जुलै १९४४ या एकाच तारखेची त्यांची दोन पत्रे याच पत्त्यावरून लिहिलेली आहेत: एक विन्स्टन चर्चिल यांना, दुसरे मुहम्मद अली जिना यांना. दुसऱ्या पत्रातील भेटीच्या प्रस्तावातून सप्टेंबरमध्ये मुंबईत गांधी-जिना वाटाघाटी झाल्या, आणि त्यांचा पाया ठरलेला राजाजींचा, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा, काँग्रेस-लीग समझोत्याचा मसुदा त्या जुलै महिन्यातच प्रसिद्ध झाला होता. देशाच्या फाळणीच्या इतिहासातील एक निर्णायक आठवडा या गावात घडला, याची दखल पॉइंटांच्या पाट्यांनी घेतलेली नाही, आणि ही उणीव मनाला लागते. गांधी आणि राजाजी या दोघांचेही नातू असलेले राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र पाचगणीतच उभे राहिले. या दोन वास्तू एका फेरीत जोडल्या, तर आजोबा आणि नातू यांच्या सार्वजनिक जीवनाचा धागा श्रोत्याला आपसूक सापडतो.

उरतो प्रश्न फेरी कोणी न्यावी याचा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला असल्यामुळे गट लहान असावा, ध्वनिवर्धक नसावा आणि पावसाळ्यात पठारावरील गवतफुलांतून नव्या वाटा पाडू नयेत, एवढे पथ्य कोणताही वाटाड्या पाळू शकेल. परंतु कोणत्या बंगल्यात कोणाची आजी कामाला होती, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो आणि शाळांच्या सुट्ट्यांत बाजारावर काय परिणाम होतो, हे गावठाणातील माणूसच सांगू शकतो. म्हणून गिरिस्थान नगरपरिषदेने आणि शाळांनी मिळून प्रथम घोडेवाल्यांच्या, दुकानदारांच्या व शाळांतील कर्मचाऱ्यांच्या मुलामुलींना या कामासाठी तयार करावे, त्यांच्या हाती तारखांची तपासलेली टिपणे द्यावीत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याकडूनच ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, आणि फेरीचे शुल्क थेट त्यांच्या हाती पडेल अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून करावी.